खुंटीवरचा स्वेटर

पहारेकऱ्याने टेबलाला दोरीने बांधलेली कापडाची पट्टी उचलली आणि तिच्या बाहीवर ठेवली. मग तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. बोलायची गरजच नव्हती. पट्टी कुठे संपते आणि बाही कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. आतल्या माणसांच्या कपड्यांचा तुकडा होता तो, राखाडीकडे झुकलेला विटका निळा. तो रंग अंगावर घालून कुणी आत गेलं तर बाहेर येताना कैदी कोण आणि पाहुणा कोण हे कसं ओळखायचं, म्हणून भेटीला येणाऱ्यांना तेवढा एक रंग बंद. हे तिला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. धाकट्या भावाला भेटायला येण्याचं तिचं हे तिसरं वर्ष. नव्याने येणाऱ्या बायकांना रांगेत तीच पढवायची, की बाई गं, केसांत पिनांचा सोस नको, उंच टाचा नकोत, आणि निळ्याच्या तर वाऱ्यालाही उभी राहू नकोस. आज तीच मान खाली घालून पट्टीकडे बघत होती. “घरून निघताना राखाडी होता,” ती म्हणाली, आणि आपण किती वेड्यासारखं बोललो ते म्हटल्याबरोबर तिच्या लक्षात आलं. मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. “इथे निळा आहे,” पहारेकरी म्हणाला. आवाजात राग नव्हता. “बदलून या. तुमची वेळ निघून गेली तर भेट गेली, मग माझ्यापाशी रडायचं नाही.”

ती बाजूला झाली. हवेत गारठा होता, ऊन कोवळं होतं, आणि त्या उन्हात तिचा नवा शर्ट खुशाल निळा दिसत होता. लाँड्रीत काम करणाऱ्या बाईने रंगाला फसावं म्हणजे हद्द झाली. ट्यूबलाइटखाली कापड एक सांगतं आणि उजेडात दुसरं, म्हणून शंका आली की कपडा घेऊन दारात जायचं, उजेडात धरायचं, मगच तो कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवायचं, हे दुकानातल्या नव्या मुलींना तिनेच शिकवलं होतं. पण हा शर्ट नवऱ्याने तिच्या खांद्याला लावून बघितला होता, कपड्यांच्या दुकानातल्या पांढऱ्याफटक उजेडात, आणि म्हणाला होता, राखाडी शोभतो तुला. कधी नव्हे ते तो दुकानात आला होता, कधी नव्हे ते त्याने स्वतःहून काही निवडलं होतं, आणि अशा वेळी त्याच्या हातातून कपडा काढून घेऊन दाराशी जाणं तिच्याच्याने झालं नाही. ते एक सोडून दे. पण आज सकाळी कपाटातला नेहमीचा तपकिरी शर्ट बाजूला सारून तिने हाच का काढला? कारण आज शेवटचं यायचं होतं. शेवटच्या वेळी जरा नीटनेटकं दिसावं असं काहीतरी मनात आलं असणार. एखाद्याला कायमचं सोडून यायला निघालेला माणूसही आरशात बघून निघतो, याची बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या तिला लाज वाटली होती, आणि तरी खिडकीच्या काचेत तिने पुन्हा एकदा कॉलर सारखी केली होती.

आज ती भावाला सांगणार होती, की यापुढे मी येणार नाही. वाक्य तिने तयार करून ठेवलं होतं. ते फार लांब नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला दुसऱ्या गावी वरची जागा मिळाली होती, महिनाअखेर सामान हलणार होतं. गाव लांब होतं, पण अडचण लांबीची नव्हती. अडचण पत्त्याची होती. इथे भेट मिळायची म्हणजे आधी आतल्या माणसाने तुमचं नाव द्यायचं, मग तुम्ही नातं सिद्ध करायचं, फोटो द्यायचा, आणि मग एक दिवस पोलीस तुमच्या घरी येऊन शेजारीपाजारी विचारून जाणार, की ही बाई इथेच राहते ना, वागायला कशी आहे. पत्ता बदलला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. पहिल्या वेळी तो पोलीस आला तो दिवस तिला आठवतो. चांगला होता बिचारा, चपला बाहेर काढून आत आला. पण समोरच्या दारातून बाहेर आला तेव्हा शेजारीण त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली होती आणि तिच्या डोळ्यांत नुकतंच काही खायला मिळाल्यासारखा तजेला होता. त्यानंतर जिन्यात हिची चाहूल लागली की बोलणी थांबायची. मुलीची मैत्रीण खेळायला यायची ती यायची बंद झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसती यायची बंद. मुलीने एकदाच विचारलं, मग तिनेही विचारणं सोडलं. नवऱ्याने हे सगळं पाहिलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तो चांगला माणूस होता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर त्याच्याशी भांडून, त्याच्या नाकावर टिच्चून ती येत राहिली असती. तो फक्त एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाला, “तिथे दारात पोलीस नको गं.” आणि मग, ताट जागेवर ठेवून झाल्यावर, “तिथे तुला भाऊ नाही असं धरून चालू.” ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं. कुणीतरी पाठीवरचं ओझं उचलून घ्यावं तसं हलकं वाटलं, आणि तेव्हापासून ते हलकेपणच तिला आत कुठेतरी बोचत होतं.

रस्त्यापलीकडे मावशीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतभर लाकडी कप्पे. आत फोन नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही, किल्ल्यासुद्धा नेता येत नाहीत, तेव्हा भेटीला येणारे सगळे आपापलं सामान मावशीच्या कप्प्यांत ठेवून जायचे. मावशी कुणाची मावशी होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा होता आणि पडद्याआड खुंट्यांवर काही कपडे टांगलेले असायचे. हे मावशीचे नव्हते. दारातून परत पाठवलेल्या बायकांसाठी आधीच्या बायकांनी ठेवून दिलेले. लागेल तो घालायचा, भेट घेऊन यायचं, परत टांगायचा, एवढीच रीत. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. तिने स्वतः नव्या बायकांना कितीदा या पडद्यामागे पाठवलं होतं, पण आपल्यावर कधी वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि खुंट्यांसमोर उभी राहिल्यावर तिला उगीचच अपमान वाटला. पुरुषाचा एक भलामोठा कोट होता, तो घालून आत गेली असती तर तिच्यासकट आणखी दोघं मावले असते. एक झालर लावलेला झगा होता, काखेत उसवलेला. एक काळा सदरा कुणीतरी नुकताच घामाने भिजवून ठेवला होता. आणि शेवटच्या खुंटीवर, इतरांपासून जरा लांब, पिवळा लोकरीचा स्वेटर होता, गळ्यापर्यंत गुंड्यांचा. तिने तो काढला तेव्हा मावशी पडद्याशी आली. “तो नको घेऊस,” मावशी म्हणाली. “दुसरा बघ एखादा.” ती म्हणाली की दुसरा होतोय कुठे अंगाला, आणि वेळ चालली आहे. मावशीने तिच्याकडे बघितलं, स्वेटरकडे बघितलं. “जाऊ दे,” ती म्हणाली, “घे.”

निळा शर्ट काढून तिने घडी घातली आणि स्वेटर उघड्या अंगावरच चढवला. लोकर खरखरीत होती, खांद्यांना आणि पोटाला टोचली. दुसऱ्यांचे कपडे हाताळणं हे तिचं रोजचं काम, पण दुसऱ्याचा कपडा अंगाला लागला की तो वेगळाच बोलतो. चालता चालता तिचे हात सवयीने तपासत राहिले. वरून दुसरी गुंडी बदललेली, मूळच्या गुंड्यांपेक्षा थोडी मोठी, घाईत लावलेली. डावं कोपर आतून रफू केलेलं, ते मात्र घाईत नाही. ते करणाऱ्या बाईने दिव्याशी बसून, एकेक टाका पिवळ्यात पिवळा मिसळवून केलं होतं. उजव्या खिशाचं तोंड ताणलेलं, म्हणजे बाई त्याच हाताची मूठ सतत खिशात कोंबून बसत असणार. वास अनेकींचा होता, साबणांचा, तेलांचा, भीतीचा. भीतीचा वास तिला ओळखता येतो. परीक्षेच्या दिवसांतले सदरे, दवाखान्यातून आलेल्या चादरी, त्यांना तो असतो आणि तो गरम पाण्याने जातो. हा स्वेटर कुणी कधी धुतलेला दिसत नव्हता. पहारेकऱ्याने तिला पाहिलं, पट्टी उचललीही नाही, आणि मान बाजूला वळवून तिला आत सोडलं. त्याने मान का वळवली ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

मनगटावर शिक्का, मग एक दार, मग ते मागे बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही असं दुसरं दार. या दोन दारांच्या मधल्या चौकोनात सगळ्यांना थोडा वेळ उभं राहावं लागतं, आणि दर वेळी तिला तिथे लिफ्टची आठवण व्हायची. नवऱ्याचं कामच ते, अडकलेल्यांना बाहेर काढायचं. पूर्वी, हे सगळं नवं होतं तेव्हा, तो तिला हसवायला म्हणायचा, तुझा भाऊ तेवढा माझ्या हाताबाहेरचा आहे, बाकी कुणीही अडकू दे. ती हसायचीही. चौकोनात आज तिच्या शेजारी एक म्हातारा होता, एक बाई कडेवर मूल घेऊन, आणि सगळे जण दाराकडे तोंड करून उभे. तिने आपलं वाक्य मनात घोळवून बघितलं. बारक्या, आम्ही दुसऱ्या गावी चाललो, मला आता यायला जमायचं नाही. जमायचं नाही की येणार नाही? जमायचं नाही म्हटलं की तो म्हणणार, मग जमेल तेव्हा ये. येणार नाही म्हणायला हवं. तेवढा एक शब्द बदलायला हवा होता, आणि तोच तोंडात येत नव्हता. दुसरं दार उघडलं.

भेटीच्या हॉलमध्ये जमिनीत रोवलेली टेबलं होती, एका बाजूला आतले, दुसऱ्या बाजूला बाहेरचे. आतल्यांनी बसून राहायचं, भेट संपेपर्यंत उठायचं नाही, असा नियम. उभा असायचा तो फक्त एक कैदी, ज्याला टेबलं पुसायचं आणि पाणी द्यायचं काम लावलेलं असे. त्याला तिने पूर्वीही पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. हॉलमधल्या पाण्याच्या भांड्यांसारखा तो तिथे असायचा. ती आत आली तेव्हा तो पाठमोरा होता. दाराच्या आवाजाने वळला. आणि त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याने दोन्ही तळव्यांनी केस मागे सारले, सदऱ्याची टोकं ओढून सरळ केली, आणि तिच्या दिशेने दोन पावलं आला. ताठ उभा राहिला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. हसू यायच्या आधी चेहरा जसा मोकळा होतो तसा झाला होता, एखाद्या मुलाच्या चेहऱ्यासारखा. हे सगळं तिच्यासाठी चाललं आहे असं तिला क्षणभर वाटलं आणि ती जागच्या जागी थबकली. मग त्याची नजर स्वेटरवरून वर चढली आणि तिच्या चेहऱ्यावर आली. चेहरा पडला नाही त्याचा. त्याने काम संपल्यासारखी मान हलवली, वाकून फडकं उचललं आणि परत टेबल पुसायला लागला. पुसलेलंच टेबल पुसत होता. भिंतीशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने खिडकीकडे बघायचं पत्करलं.

“तुला पण तोच मिळाला,” ती बसली तेव्हा बारक्या म्हणाला. तो हसत होता. त्याचा पुढचा एक दात काळा पडायला लागला होता, ते तिला लगेच दिसलं. तिने कोण तो, असं काहीसं विचारलं. बारक्याने मागे न बघता सांगितलं, हलक्या आवाजात, रोजच्या गोष्टी सांगाव्यात तसं. त्याची बायको तो स्वेटर घालून यायची. मग यायची बंद झाली. तो स्वेटर मात्र येतच राहिला, कधी या बाईच्या अंगावर, कधी त्या बाईच्या, आणि दर वेळी तो असाच ताठ उभा राहतो. हॉलचं काम त्याने मागून घेतलंय, त्याला छापखान्यात घेत होते तर नको म्हणाला. तिने विचारलं, त्याला कुणी सांगितलं नाही का, स्वेटर बाहेर खुंटीवर टांगलेला असतो म्हणून.

“माहीत आहे त्याला. सगळ्यांना माहीत आहे,” बारक्या म्हणाला. “तो म्हणतो, डोक्याला कळतं, पण अंग उठतं.”

तिने विचारलं, तुम्ही हसता त्याला? पहिल्यांदा हसायचो, तो म्हणाला. आता नाही हसत कुणी. एवढं बोलून त्याने मुलीची चौकशी केली. दाताचं तिने विचारलं, तर ते काय, दाखवायचं आहे, नंबर लावलाय. इथे सगळ्यालाच नंबर असतो. तो बोलत होता आणि ती त्याच्या हातांकडे बघत होती. हे हात तिने धरले होते, साबण लावून धुतले होते, नखं कापली होती. याच हातांनी त्याने तिच्या लाँड्रीशेजारच्या इमारतीच्या फाटकाशी जॅकचा दांडा उचलला. पार्सलची गाडी फाटकात लावू देत नाही म्हणून. वॉचमन म्हातारा होता, भांडकुदळ नव्हता, त्याने फक्त नाही म्हटलं, आणि परत नाही म्हटलं. एवढंच काय ते. वॉचमन त्याच दिवशी गेला. त्याचा गणवेश तिच्या लाँड्रीत यायचा. कॉलरच्या आत खुणेचा धागा तिनेच घातलेला होता. त्याचा एक धुतलेला सदरा दुकानात कितीतरी दिवस तसाच टांगलेला राहिला, न्यायला कुणी आलं नाही, आणि एक दिवस तो तिथे नव्हता. मालकीणबाईंनी तिच्या नजरेआड कुठेतरी हलवला असणार. कुठे, ते तिने विचारलं नाही. आई तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, माझ्यापुरता तो गेला, आणि मरेपर्यंत शब्दाला जागली. आईचं सोपं होतं. एकदाच दार लावलं आणि कडी घातली. हिने भावाला माफ केलं म्हणून ही येत होती असं थोडंच आहे. माफ वगैरे काही केलं नव्हतं. ती त्या म्हाताऱ्याला रोज बघायची, तो रोज तिला म्हणायचा, आज लवकर? आणि तरी ज्या महिन्यात भेटीची वेळ हातात नसे त्या महिन्यात ठरलेल्या सकाळी ती वेळ मिळवायला लाँड्रीतल्या फोनला चिकटून बसायची, ओल्या हातांनी तोच तो नंबर फिरवत, पलीकडे तीच ती टेपवरची बाई, कृपया प्रतीक्षा करा, आणि मालकीणबाई इस्त्रीवाल्याला खुणेने सांगायच्या की तिला हाक मारू नकोस. का करायची ती हे? विचारलं असतं कुणी तर तिला सांगता आलं नसतं. अंग उठतं, असं ती म्हणाली असती कदाचित, पण हे शब्द तिला आजच मिळाले होते.

“बारक्या, ऐक,” ती म्हणाली.

“ऐकतोय. पण आधी मी सांगतो.” तो पुढे झुकला. “पुढच्या वेळी तुझा तपकिरीच घाल, ताई. तू त्या दारातून वळलीस ना, की आधी तपकिरी दिसतं. चेहरा नंतर. आज मला कळलंच नाही तू आलीस ते.”

लोकरीखाली तिला दरदरून घाम फुटला. पाठीवरून एक धार खाली उतरली आणि कमरेशी थांबली. तिला बाजार आठवला, ती शाळेत असतानाचा, आईने दोघांना पाठवलं होतं आणि बारक्याला हात धरायचा नसायचा, मोठा झाला होता ना तो, म्हणून तो तिच्या तपकिरी कोटाचं टोक धरून चालायचा. एका दुकानाशी ती थांबली आणि तो हरवला. ती वेड्यासारखी धावली, आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला तो दिसला, एका अनोळखी बाईच्या तपकिरी कोटाचं टोक धरून, अगदी निवांत, इकडेतिकडे बघत, काही झालंच नाही अशा थाटात चाललेला. त्या बाईलाही पत्ता नव्हता. ती बाई थांबली तेव्हा त्याने वर बघितलं. तोवर तो रडला नव्हता. घरी परत येताना तिने त्याला बजावलं होतं, की कोट बघू नको, माणूस बघ. तो हो म्हणाला होता आणि पुन्हा कोटच धरला होता. आता ती हे त्याला सांगणार होती, आठवतं का म्हणून, आणि त्या पाठोपाठ ते वाक्यही निघून गेलं असतं, एकात एक. पण घंटा झाली. घंटा होण्याआधी पुष्कळ वेळ होता आणि तो तिने दातात, नंबरात आणि मुलीच्या शाळेत घालवला होता हे तिला कळत होतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, तेवढं चालतं. तो म्हणाला, दात काढला असेल तोवर, बघ, बोळका दिसेन. ती म्हणाली, बघते.

बाहेरच्यांनी निघायचं आणि ते जाईपर्यंत आतल्यांनी भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं राहायचं. दाराशी पोहोचून ती वळली. भिंतीशी निळ्या पाठी होत्या, सगळ्या एकसारख्या, आणि त्यांतली आपली कुठली ते तिला पटकन ओळखता आलं नाही. शोधायला लागली तर मागची बाई म्हणाली, चला ना. त्या रांगेत नसलेला एकटाच तो होता, पाणीवाला. हातात फडकं घेऊन तो टेबलांच्या मधे सरळ उभा होता आणि स्वेटर जाताना बघत होता. येताना चेहऱ्यापर्यंत आलेली त्याची नजर आता वर आली नाही, लोकरीवरच राहिली, जणू आता त्याला फसायचंच होतं. तिचा हात वर गेला. तिने उचलला असं म्हणता येणार नाही. त्यानेही हात वर केला, फडक्यासकट. जे सांगायला ती आली होती ते असं भलत्याच माणसाला सांगून झालं, आणि दार लागलं.

बाहेरच्या खिडकीत कारकून बाई बसायची. भेट झालेल्यांनी पुढची वेळ तिथेच घेतली तर फोनची कटकट वाचते, म्हणून सगळे तिथे रांग लावायचे, आणि ती कसलाही विचार न करता रांगेत उभी राहिली. म्हणजे विचार होता, पाय वेगळे चालले होते. कारकून बाईने पुढच्या महिन्यातला वार सांगितला. त्या वारी ते नव्या गावात असणार होते, नव्या घरात, जिथे तिला भाऊ नव्हता. “पत्ता तोच ना?” कारकून बाईने विचारलं, वर न बघता. पत्ता बदलला म्हटलं तर ही वेळ मिळणार नाही, आधी चौकशी होणार; तोच म्हटलं तर वेळ मिळणार, आणि त्या दिवशी सकाळी बारक्या दाढी करून हॉलमध्ये येऊन बसणार. मागे लोक होते. खिडकीच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते.

“तोच,” ती म्हणाली. कारकून बाईने शिक्का मारून चिठ्ठी दिली.

मावशीच्या पडद्यामागे तिने स्वेटर काढला तेव्हा अंगावर लोकरीचे लालसर वळ उठले होते. ते तिने खाजवले नाहीत. निळा शर्ट घालून, चिठ्ठी खिशात ठेवून, ती स्वेटर हातात घेऊन बाहेर आली आणि मावशीला म्हणाली की हा मी घेऊन जाते, परत आणणार नाही, जाळून टाकते हवा तर, कशाला त्या माणसाला दर वेळी ते. मावशी कुणाची तरी पिशवी कप्प्यातून ओढत होती. ओढता ओढताच ती म्हणाली, की मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून एकदा मी तो पेटीत तळाशी दडपून ठेवला होता. पुष्कळ दिवस ठेवला. मग आतून सुटून आलेला एक जण त्याचा निरोप घेऊन आला.

“काय निरोप?”

“टांगा म्हणून.” मावशीने हात पुढे केला. “तेवढंच येतं त्याला भेटायला. ठेव तो.”

तिने स्वेटर दिला नाही, धरून ठेवला. विचारलं, ती बाई, जिचा हा, ती कशी होती. चारचौघींसारखीच, मावशी म्हणाली. शेवटच्या दिवशी इथे आली, हा काढला, म्हणाली राहू दे इथेच, आता मला लागायचा नाही. मी विचारलं, त्याला सांगितलंस का तसं? तर नाही म्हणाली. सांगायलाच गेले होते, म्हणाली, पण तोंडातून निघेना. “आणि वर पुढच्या महिन्याची वेळ घेऊन आली होती,” मावशी म्हणाली. “हातात चिठ्ठी होती तिच्या. आता हिला काय म्हणायचं?”

तिचा उजवा हात शर्टच्या खिशात गेला होता आणि तिथे मूठ होऊन बसला होता. मग तो तिने बाहेर काढला, स्वेटरच्या वरच्या गुंड्या लावल्या, कपडा झटकला, बाह्या सारख्या केल्या, गिऱ्हाइकाचा कपडा टांगतात तसा, आणि पडद्यामागे जाऊन शेवटच्या खुंटीवर अडकवला. मावशीने कप्प्यातून तिची पिशवी आणि फोन काढून दिला. फोन हातात येता येताच वाजला. नवरा होता. त्याच्या मागे कुठल्यातरी इमारतीतली लिफ्ट घरघरत होती, कुणीतरी वरून ओरडून त्याला काही विचारत होतं. तो म्हणाला, अडलं नाही ना काही, आणि मग थोडं थांबून, त्याच्या त्या सांभाळून बोलण्याच्या आवाजात, “सांगितलंस?”

ती दुकानाच्या दारात उभी होती. ऊन आता चढलं होतं. त्यात शर्टचा रंग कुणालाही ओळखू आला असता.

“सांगितलं,” ती म्हणाली.

“काय म्हणाला?”

“काही नाही. ताठ उभा राहिला,” ती म्हणाली, “आणि मग परत कामाला लागला.”

पलीकडून नवरा म्हणाला की बरं झालं, एकदाचं झालं, आता लवकर घरी ये. ती हो म्हणाली आणि रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.